कुठं तुटतंय?

आमच्या घरात दोन धंदे होते. पावसाच्या भरवशावरची नऊ एकर जमीन आणि ओसरीला लागून असलेल्या खोलीतला माग. आम्ही सणगर, घोंगडी विणणं हे बापजाद्यांचं काम. माणदेशात पाऊस कमी, त्यामुळं नुसत्या शेतावर घर चालत नाही. घोंगडीला गिऱ्हाईक येतं ते ठरावीक दिवसांतच, त्यामुळं नुसत्या मागावरही चालत नाही. दोन्ही मिळून कसंबसं चालायचं. १९७२ सालच्या दुष्काळात दोन्हीही बसले, तेव्हा आप्पा आणि आई खडी फोडायला गेले. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो.

१९७६ साली मी दहावी पास झालो. पुढं शिकायला तालुक्याला खोली घेऊन राहावं लागलं असतं, ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून सकाळी शेत आणि दुपारी माग असं माझं ठरून गेलं. आज साठी उलटून गेलीय. त्या मागावर मी किती घोंगड्या विणल्या याचा हिशोब नाही. एक घोंगडी मात्र मला अजून हात-बोटांसकट आठवते, कारण ती मी अर्धी विणली, अर्धी उकलली आणि पुन्हा विणली. तिनं माझ्यापुढं एक प्रश्न ठेवला. काही बिघडलं की माणसानं शोधायचं काय, आणि बिघाड सापडल्यावर मागं जायचं कुठवर? त्या प्रश्नाबद्दल लिहायला बसलोय.

ज्यांनी घोंगडी नुसती पांघरलीय त्यांना तिच्यामागं किती हात असतात ते माहीत नसतं, म्हणून आधी ते सांगतो. मेंढी आमच्याकडची दख्खनी. तिची लोकर राठ, बहुतेक काळी. वर्षातून दोनदा कातरण होते. कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुऊन काढतात. पिल्लाची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती लोकर सगळ्यांत मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीला मोल जास्त. कातरलेली लोकर निवडायची, धनुकलीनं पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि चरख्यावर सूत काढायचं. सूत काढण्याचं काम धनगराच्या बायकांचं. ते आम्ही विकत घेणार किंवा विणकामाच्या बदल्यात घेणार.

मग ताणा करायचा. उघड्या जागेत खुंट्या रोवून उभे धागे लांबवर पसरायचे. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजत घालून वाटायचे आणि त्याची खळ शिजवायची. ती खळ कुंच्यानं ताण्यावर चोपडायची, उन्हात वाळवायची, पुन्हा चोपडायची. लोकरीच्या धाग्याला बारीक तूस असतं. खळीनं तूस बसलं नाही तर शेजारचे धागे एकमेकांना धरतात आणि विणताना तुटतात. खळ जास्त झाली तर धागा काडीसारखा कडक होतो आणि मोडतो. कमी-जास्तीच्या मधली खळ कुठली हे सांगून कळत नाही, ते बोटांना कळावं लागतं.

त्यानंतर माग. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, पावड्यांवर. पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली. मधून धोटा टाकायचा, फणी ओढून बाणा ठोकायचा, दुसरी पावडी दाबायची. खड्ड्यात गारवा असतो, त्यामुळं धागे फार कोरडे पडत नाहीत. ही आमच्या म्हाताऱ्यांची अक्कल.

तर गोष्ट १९७८ सालच्या आश्विनातली. आप्पांच्या कमरेत नांगरटीच्या वेळी लचक भरली होती. त्यांना खड्ड्यात बसता येईना. दसऱ्याच्या आधी एक जावळाची घोंगडी द्यायची होती. शेजारच्या गावच्या एका घराण्यात लग्न होतं, त्यांनी इसार दिला होता. तो इसार आम्ही आधीच शाळूच्या बियाण्यात घातला होता. म्हणजे घोंगडी झाली नाही तर पैसे परत करायला घरात पैसे नव्हते. आप्पा म्हणाले, "तू बस." मी बसलो. तोवर मी साध्या घोंगड्या विणल्या होत्या, आप्पा शेजारी असताना. जावळाची, एकट्यानं, ही पहिली.

पहिला एक हात झकास झाला. दुसऱ्या हातापासून धागे तुटायला लागले. आधी एखाद-दुसरा. तुटला की थांबायचं, दोन्ही टोकं जवळ आणायची, थुंकीनं ओली करून पीळ देऊन सांधायची, पुढं चालायचं. मग एका पावडीला दोन, दोन पावड्यांना तीन. दिवसभर बसून वीतभरसुद्धा होईना. ज्यानं कधी माग चालवला नाही त्याला वाटेल, धागा तुटला तर त्यात काय एवढं? पण तीच जागा, तेच काम, पंचविसाव्या वेळेला करताना माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. मागाला लाथ मारावीशी वाटते. मी एकदा मारलीही. पायालाच लागलं.

मग मी उपाय करायला लागलो. आश्विनातलं ऊन कडक, हवा कोरडी. मला वाटलं, धागे वाळून मोडतायत. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं. त्याच दिवशी वाटलं, खळ जास्त झाली असेल. ओलं फडकं ताण्यावरनं फिरवलं. त्याच दिवशी संध्याकाळी ताणा सैल केला. तीन उपाय एका दिवसात. दुसऱ्या दिवशी धागे तुटायचे थोडे कमी झाले, पण आता तूस उठून धागे एकमेकांना चिकटायला लागले. कशानं बरं झालं आणि कशानं वाईट, मला सांगता येईना. म्हणून ताणा पुन्हा ताणला. मग पहिल्यापेक्षा जास्त तुटायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मनानं निकाल लावून टाकला. सूतच खराब आहे.

हे सूत काढलं होतं आमच्या मावशीनं. सख्खी मावशी नव्हे. गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा होता, तिथली ती. आईची आणि तिची मैत्री, म्हणून मावशी. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्या घराला सूत द्यायची. मी तडक वाड्यावर गेलो. अंगणात सात-आठ बायका लोकर निवडत बसल्या होत्या. मावशीच्या घरी पाहुणेही आले होते. मी कुणाकडं बघितलं नाही. उरलेल्या सुताच्या लडी तिच्यापुढं टाकल्या आणि म्हणालो, "मावशे, मेलेल्या मेंढीची लोकर मिसळलीस न्हवं यात? जावळाचा पैसा घेतलास आन् हे दिलंस?"

शहरातल्या वाचकाला या वाक्याचं वजन कळायचं नाही. मेलेल्या मेंढीची लोकर ही आमच्याकडं कमअस्सल धरतात, आणि सूत काढणाऱ्या बाईला ती मिसळलीस असं म्हणणं म्हणजे दूधवाल्याला पाणी घातलंस म्हणण्यासारखंही नाही, त्याहून वाईट. तिच्या हाताची उभी जन्माची पत त्यात जाते. मावशी काही बोलली नाही. लडी उचलल्या, झटकल्या, मांडीवर ठेवल्या. तिच्या सुनेनं तोंड उघडलं तर तिला हातानंच गप्प केलं. मला वाटलं, गप्प बसली म्हणजे चोरी पकडली गेली. मी छाती काढून घरी आलो.

येताना मला फार बरं वाटत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. तीन दिवस डोक्यात जो गुंता होता तो सुटल्यासारखा वाटला. धागा एकही सांधला गेला नव्हता, घोंगडी बोटभर पुढं गेली नव्हती, तरी बरं वाटलं. कारण मला नाव सापडलं होतं. नाव सापडलं की माणसाचा शोध थांबतो.

दुपारी आप्पा काठी टेकत मागाच्या खोलीत आले. मी त्यांना सांगितलं, सूत खराब आहे, मावशीला बोलून आलो. त्यांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. भिंतीला धरून खाली बसले, कंबर सावरली आणि विचारलं,

"कुठं तुटतंय?"

मी म्हणालो, "आवो, सूतच—"

"कुणामुळं तुटतंय ते न्हाई इच्यारलं. कुठं तुटतंय?"

मी बघितलं. तीन दिवस मी त्या मागावर बसलो होतो आणि हे एकदाही बघितलं नव्हतं. धागे तुटत होते ते दोन्ही कडांचे. डाव्या कडेचे दहा-बारा, उजव्या कडेचे तेवढेच. मधला एकही सांधा दिसत नव्हता.

आप्पा म्हणाले, "सूत वाईट आसतं तर मधलं का तुटत न्हाई? का मावशीनं कडंला येगळं सूत दिलं हुतं?"

मी गप्प. मग त्यांनी कोपऱ्यात उरलेली एक लड मागितली. त्यातला धागा दोन्ही हातांत धरून ओढला, झटका दिला, पीळ उलटा फिरवून बघितला. धागा चांगला होता. ताण्यावर बोटं फिरवली; खळ ठीक होती, मी ओलं फडकं फिरवून जिथं तूस उठवलं होतं तेवढी जागा सोडून. मग त्यांनी हाताच्या मापानं रुंदी मोजली. सुरुवातीला घोंगडी पावणेतीन हात होती. तीन दिवसांपूर्वी जिथं तुटायला लागलं तिथं दोन बोटं कमी. आता मी बसलो होतो तिथं चार बोटं कमी.

"बाणा वढतोस तू," ते म्हणाले. "धोटा टाकला की हिसका देतोस. कड आत आली. फणीतनं धागं रुंद येत्यात आन् कापाड अरुंद. मग कडंचं धागं तिरकं हुन फणीला घासत्यात. घासलं की तुटत्यात."

झालं. एवढंच होतं. इसाराचे पैसे, दसरा जवळ आलेला, आप्पांची कंबर, एकट्यावर पडलेलं काम; त्या सगळ्याची घाई माझ्या उजव्या हातात उतरली होती आणि प्रत्येक धोट्याला तो हात हिसका देत होता. त्यात कापड रुंदीत ताणून धरणारी आडवी काठी मी पहिल्या दिवशी काढून ठेवली होती. ती दर चार बोटांना सरकवून पुन्हा लावावी लागते आणि त्यात वेळ जातो म्हणून. पाणी, खळ, ताण, सूत, मावशी या सगळ्यांवर मी बोट ठेवलं. ज्या हाताचं ते बोट होतं तो हात तेवढा तपासायचा राहिला.

या एका दुपारीत मी जे शिकलो ते शाळेत दहा वर्षांत शिकलो नाही. पहिली गोष्ट, धागा जिथं तुटतो तिथं दोष असतोच असं नाही. तुटतो कडेला, दोष असतो हातात. दुसरी, एका वेळेला एकच गोष्ट बदलून बघायची; तीन बदलल्या तर सुधारलं तरी कळत नाही आणि बिघडलं तरी कळत नाही. तिसरी, शोधाची सुरुवात आपल्या हातापासून करायची. हे काही मोठ्या मनाचं लक्षण म्हणून नव्हे. आपला हात सगळ्यांत जवळ असतो, तो तपासायला कुठं जावं लागत नाही आणि त्याला दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून.

मी विचारलं, "आता काय करायचं?"

"उकल."

"किती?"

"जिथनं कड आत आली तिथवर."

जवळजवळ दोन हात कापड होतं ते. मी म्हणालो, "गाठी मारून रेटतो की. कडा शिवून घेऊ." ते म्हणाले, "एखादा धागा तुटला आसता तर मीच म्हनलो आसतो, सांध आन् चल. घोंगडीत गाठी आसत्यातच, गाठीनं घोंगडी मरत न्हाई. पर हितनं रुंदीच गेली. फुडं इनशील ती वाकडीच हुनार." कुठली चूक पोटात घालून पुढं जायचं आणि कुठल्या चुकीसाठी मागं फिरायचं, याचं याहून सोपं माप मला पुढं कुठं वाचायला मिळालं नाही. जी चूक एका जागी थांबते तिला गाठ पुरते. जी चूक पुढच्या प्रत्येक ओळीला वाकडं करते, ती जिथं सुरू झाली तिथवर उकलावी लागते.

उकलायला दीड दिवस लागला. विणण्यापेक्षा उकलणं अवघड. बाणा ओढून काढताना ताण्याला इजा होऊ द्यायची नाही. चरफडत केलं. मग काठी लावली, धोटा टाकताना बाणा थोडा सैल, कमानीसारखा ठेवला आणि मग ठोकला. मधे दोनच धागे तुटले. दसरा हुकला, पण लग्नाच्या आत घोंगडी गेली. घेणाऱ्यानं चार रुपये कापून घेतले, ते बरोबरच होतं.

घोंगडीचं उकललं. वाड्यावर बोललो होतो त्याचं काय?

आप्पांनी मला एकदाही "माफी माग" म्हटलं नाही. आई तर तीन दिवस माझ्याशी बोललीच नाही. मला जायचं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवाळी आली. दिवाळीनंतर वाडा हलला. आमच्याकडचे धनगर पाऊसकाळ संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, चाऱ्यामागं. एका सकाळी बघतो तर घोडी, कोंबड्या, पोरं, मेंढरं सगळी वाटेला लागलेली. मावशीही गेली.

ती सात-आठ महिन्यांनी परत आली, मृगाच्या तोंडाला. तोवर माझ्या एका वाक्यानं काय केलं होतं ते मला कळलं होतं. आमच्या आणि शेजारच्या गावातल्या सणगरांच्या घरांत ती गोष्ट पोचली होती. कुणी तिचं सूत घ्यायचं थांबलं, कुणी "बघून घेऊ" म्हणत भाव पाडला. मी चारचौघांत पसरवलं नव्हतं. मी फक्त एकदा बोललो होतो. पण बोललेलं वाक्य हे बाण्यासारखं असतं, त्याच्यावर पुढची ओळ बसते, तिच्यावर त्याच्या पुढची.

वाडा परत आल्याचं कळल्यावर संध्याकाळी मी गेलो. मावशी चुलीपाशी होती. एकटीच होती याचं मला बरं वाटलं. मी सगळं सांगितलं. बाणा मी ओढत होतो, काठी मी काढली होती, सूत चांगलं होतं. तिनं ऐकून घेतलं. भाकरी उलथली. मग म्हणाली,

"मला म्हाईत हुतं की रं सूत चांगलं हुतं. मीच काढलं हुतं. मला कशाला सांगतुयास?"

मला काही सुचेना. ती म्हणाली, "हितं चुलीपाशी सांगून काय उपेग? तवा आठ बाया हुत्या. पाव्हणं हुतं. त्येंच्या म्होरं बोललास न्हवं? मग ज्येंनी ऐकलंय त्येंच्याकडं जा."

मी उठलो तो रागानंच उठलो, हे कबूल करतो. मनात आलं, मी चूक मान्य केली, वाकलो, आता हिला अजून काय पाहिजे? आठ दिवस मी तो राग धरून बसलो. नवव्या दिवशी मागावर बसलो असताना आप्पांचा शब्द आठवला. "जिथनं कड आत आली तिथवर." मी चुलीपर्यंतच उकललं होतं. कड आत आली होती ती अंगणात.

त्या आठवड्याच्या बाजारच्या दिवशी मी वाड्यावर गेलो, बायका असताना. मग दोन्ही गावांतल्या सणगरांच्या घरी गेलो. सात घरं. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: सूत चांगलं होतं, माझा हात वाईट होता. एका म्हाताऱ्यानं हसून विचारलं, "मग आता तुझ्या हातची घोंगडी कुनी का घ्यावी?" त्याला उत्तर नव्हतं. त्या वर्षी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि 'पोराला कड धरता येत नाही' ही गोष्ट तिथवरही पोचली. बोलणी मोडली नाहीत, पण मुलीच्या चुलत्यानं मला माग चालवून दाखवायला लावला. चालवून दाखवला. आज त्याचं हसू येतं, तेव्हा कान तापले होते.

मावशीचं सूत पुन्हा जायला लागलं. भाव पूर्ववत व्हायला मात्र वर्ष-दीड वर्ष गेलं. आमच्या घराला तिनं पुन्हा सूत दिलं नाही. भांडण नव्हतं. आईकडं यायची, बसायची, चहा प्यायची, माझ्या पोराला मांडीवर घ्यायची. सुताचं नाव काढलं की "आता डोळ्यास्नी दिसत न्हाई" म्हणायची. तिला दिसत होतं. इतरांना ती सूत देतच होती.

बरीच वर्षं मला हे खुपायचं. मी सात घरं फिरलो, मग हिचं एवढं काय राहिलं? आता तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं आल्यावर वेगळं वाटतं. चूक दुरुस्त करणं हे माझं काम होतं, ते मी केलं. त्याची किंमत म्हणून तिनं पूर्वीसारखंच वागावं, हे माझं मागणं होतं, हक्क नव्हे. सांधलेला धागा ताण धरतो, पण विणणाऱ्याच्या बोटाला सांधा लागतोच. तो लागू नये असा हट्ट धरणं हीसुद्धा मागचीच घाई.

इथवर वाचून कुणाला वाटेल की दोष नेहमी आपल्यातच शोधावा, असं मी सांगतोय. तसं नाही. तसं मानलं तर गरिबानं कायम स्वतःलाच खात बसायचं आणि फसवणाऱ्यांचं फावायचं. एकदा आप्पांनी एका व्यापाऱ्याकडनं तयार सूत आणलं. ताणा करताना हाताला वेगळं लागलं. आप्पांनी आधी आपली खळ तपासली, मग पीळ बघितला, आणि शेवटी एक धागा दिव्यावर धरला. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. या धाग्यातला काही भाग वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. म्हणजे लोकरीत बनावट धागा होता. तेव्हा आप्पा तो धागा आणि काड्यापेटी घेऊन गेले. दुकानात गर्दी होती; ती ओसरेपर्यंत बाहेर बसले. मग त्याच्या पुढ्यात धागा जाळून दाखवला. पैसे परत घेऊन आले. मी विचारलं, गर्दीतच का नाही दाखवलं? म्हणाले, "त्यालाबी कुनीतरी फसवलं आसंल. आधी त्याला इच्यारावं. न्हाई ऐकलं तर गर्दी काय, रोजचीच हाय."

माझ्या आणि आप्पांच्या वागण्यातला फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला. दोघांनीही दुसऱ्यावरच बोट ठेवलं होतं. पण त्यांचं बोट शोधाच्या शेवटी आलं, माझं शोध टाळण्यासाठी आलं. दोष शोधणं आणि दोष देणं यात एवढंच अंतर आहे.

आता मागाचा खड्डा बुजवलाय. सुताला हात नाहीत, घोंगडीला गिऱ्हाईक थोडं. त्या खोलीत ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती असतात. शेतात एक एकर डाळिंब आहे, ते मुलगा बघतो. तीन वर्षांपूर्वी काही झाडं सुकायला लागली. मुलगा आला तो तापलेलाच. "रोपंच खराब दिली नर्सरीवाल्यानं. आत्ताच्या आत्ता जाऊन त्याची खोड मोडतो." गाडीची किल्ली हातात होती.

मी विचारलं, "कुठं सुकतायत?"

तो थांबला. दोघं मिळून सऱ्या फिरलो. सुकत होती ती प्रत्येक ओळीच्या शेवटची चार-पाच झाडं. रोपं सगळी एकाच गाडीतनं आलेली. खराब असती तर शेवटालाच कशी लागली असती? नळ्यांची टोकं सोडली तर आतनं चिखलासारखा गाळ आला. शेवटच्या तोट्यांतनं पाणीच पडत नव्हतं. गाळणी धुवायचं काम कुणाचं होतं हे मी विचारलं नाही. त्याचा त्यालाच चेहऱ्यावर आठवलेलं दिसलं. किल्ली खिशात गेली, आणि वाड्याच्या अंगणात मी बोललो होतो तसलं एक वाक्य बोलायचं राहून गेलं.

हे सांगून मी शहाणा झालो असं मात्र म्हणणार नाही. परवाच चष्मा सापडेना, तर पहिला शब्द तोंडात आला, "कुणी घेतला?" तो शब्द अजून आधीच येतो. त्याला गिळायला थोडा वेळ लागतो, आणि मग दुसरा येतो. चष्मा कपाळावर होता.